सासऱ्यांनी केलेली पाठवणी

माझ्या सासऱ्यांच्या मातीला मी आले नाही.

आज त्याला दोन वर्षं झाली. पालममध्ये अजूनही कुणीतरी विचारतंच, "सून का आली न्हाई म्हणं?" म्हणून आज एकदाचं लिहूनच टाकते.

मी कॅनडात नर्स. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचं कार्ड, मिळालेलं. वडलांना लकवा झाला म्हणून गंगाखेडला आले आणि ते काठी धरून चालायला लागेपर्यंत राहिले.

त्यातच लग्न जमलं. नवरा महेश, सासर पालम. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. बाजारात त्यांचं कासरे-दोरखंडाचं दुकान.

लग्न झालं की महिन्याभरात परत जायचं, असं ठरलं होतं.

मामा म्हणाले, "पहिली नागपंचमी हाय पोरी. होऊ दे."

मग पहिला दसरा. मग दिवाळसण. मग येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. शेतात बसून आंबील प्याल्याशिवाय नवी सून जाती का कुठं!

मीही थांबत गेले. लाड कुणाला नको असतात?

संक्रांतीला तिळगूळ घेता घेता मामांनी सहज विचारलं, "त्या तुझ्या कार्डाला मुदत असती का गं?"

मी सांगितलं. पाच वर्षांत दोन वर्षं तरी तिथं राहावं लागतं. माझी भरत नाहीत. कार्ड संपायच्या आत पोचले तर काहीतरी आशा आहे.

"अन् न्हाई गेलीस तर?"

"तर पीआर जाऊ शकतं मामा. मग महेशला स्पॉन्सर कोण करणार?"

मामांनी तिळगूळ ताटात परत ठेवला आणि ओरडलेच, "मंग येड्यावानी सण काय करायलोत आपण!"

आता खरी अडचण सांगते. मामांच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी सारखं परभणीला जावं लागायचं आणि सोबत मी असायचे. मी स्पष्ट सांगितलं, तुम्हाला असं टाकून मी जाणार नाही.

"परभणीत नर्सा कमी हायत व्हय? तू थांबलीस म्हणून मी काय लय जगणार न्हाई. पर पोराचं दार बंद होईल."

आणि वर दम दिला.

"एकदा गेलीस की काम झाल्याबिगर यायचं न्हाई. माझ्या मातीलाबी न्हाई. आलीस तर उठून बसंन!"

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, वेगळीच काळजी. "लग्नाला वरीस न्हाई झालं. लोक म्हणतील, सून नांदंना."

"कोण म्हणतंय बघतोच," मामा म्हणाले.

आणि या माणसाने बँड लावला!

पाठवणी माहेरून होते. माझी सासरहून झाली. हिरवी साडी, भरलेली ओटी, पुढे बँड, मागे अख्खी गल्ली, थेट एसटी स्टँडपर्यंत. मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं होतं. महेश शूटिंग करत दात काढत होता.

कंडक्टर म्हणाला, "नवरी दिसली. नवरदेव कुठाय?"

मामा म्हणाले, "नवरदेव मागून येणार हाय. तुमी घंटी मारा."

खिडकीत बसून मी रडायला लागले. मामा रसवंतीच्या कडेला उभे होते, तिथून पुढे आले.

"रडू नको. आता हेच तुझं माहेर. पंचमीला मुराळी म्हणून मीच येतो तुला न्यायला."

डायलिसिसवरचा माणूस. कॅनडाला मुराळी येणार म्हणे.

तिकडे विमानतळावरच्या ऑफिसरने विचारलं, इतके दिवस कुठे होता? जे खरं होतं ते सांगितलं. त्याने कार्ड परत दिलं आणि आत सोडलं. सगळ्यांना सोडतात असं नाही.

काही दिवसांत कार्ड संपलं. वकिलाने बजावलं, आता देशाबाहेर पाऊल टाकू नका. बाहेर गेलात तर परत यायला नव्याने परवानगी मागावी लागेल, तेव्हा सगळी गैरहजेरी बाहेर निघेल. दोन वर्षं पुरी करा, कार्ड नवं करा, मगच नवऱ्याचा अर्ज टाका.

ती दोन वर्षं भरायला थोडेच महिने उरले होते आणि महेशचा फोन आला.

मी तिकीट बघत होते. खोटं कशाला बोलू?

आत्याबाईंनी फोन घेतला. रडत होत्या, तरी आवाज खणखणीत होता. "त्यांनी काय सांगितलंय ध्यानात हाय ना? यायचं न्हाई."

मग महेशने व्हिडिओ लावला. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, मामा दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे तसेच बसले होते.

मी आले नव्हते. तरी उठून बसलेच की हो मामा!

हसले. आणि मग जे रडले, ते ड्युटीची वेळ होईपर्यंत.

पुढे कार्ड नवं झालं. महेशचा अर्ज टाकला. तिकडून विचारणा आली, लग्नानंतर इतक्या लवकर बायको एकटी का निघून आली? आम्ही बाकीच्या पुराव्यांसोबत पाठवणीचा व्हिडिओ जोडला. बँडसकट.

व्हिसा आला.

काल मी पालमला आले. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून निघतोय. आत्याबाईंनी बँडवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.

एसटीतून उतरले तर महेश समोरच होता. तरी माझी नजर रसवंतीच्या कडेला गेलीच.

उद्या पंचमी आहे मामा.

काम झालं, म्हणून आले. मुराळी आला नाही, माझी मीच आले.

शरणार्थ, मामा.