पहाडाचं टाइमटेबल
रॉकेलचा वास आला की झाँसीच्या छावणीबाहेर घेतलेली जुनी फौजी पाठपिशवी आठवते. आत ठेवलेल्या गळक्या स्टोव्हमुळे तिला तोच वास लागला होता. मी रेल्वेतला कारकून, म्हणून गढवालात एकट्याने पाच दिवस चालायचं ठरवलं तेव्हाही साहेबांच्या दौऱ्याला शोभेलसं मिनिटामिनिटाचं टाइमटेबल केलं. तिसऱ्या सकाळी खिंडीत धुक्याने वाट गिळली, तरी उशीर नको म्हणून मी निघालोच. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मागून पिशवी धरली. "बैठो बाबूजी, पहाड कहीं भागा नहीं जा रहा." तासाभराने धुकं फाटलं. माझ्यापुढे चार पावलांवर जमीन संपत होती आणि पलीकडे निम्मं आभाळ अडवून बर्फाचं शिखर उभं होतं, कुणाच्याही सलामीची वाट न पाहता. त्यानंतर आजवर कुठलीही गाडी उशिरा आली म्हणून मी चिडलेलो नाही.