चमचाभर तेल

सकाळी अंघोळ झाली की आमचे हे ओट्याशी येतात, ऑलिव्ह ऑइलची बाटली उघडतात आणि डोळे मिटून चमचाभर तेल पितात. मग तीर्थ घेतल्यावर फिरवावा तसा हात डोक्यावरून फिरवतात.

एकेकाळी पुरी जरा तेल प्यायली, तर हेच ताट सरकवायचे. आता स्वतःच पितात. तेल वाईट नाही. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाला चांगलं, पण रोजच्या तेलाच्या जागी वापरा. वरून प्यायलात तर वजन वाढेल, पोट बिघडेल. आणि रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. ह्यांनी त्यातलं ‘चांगलं’ एवढंच ऐकलं.

औषध घेताना आपण आजारी आहोत हे कबूल करावं लागतं. तीर्थाला नुसता हात पुढे केला की झालं.

आज गोळी बशीत तशीच होती.

“अहो, गोळी?”

“अगं, तेल घेतोय ना. नंतर बघू.”

कालही नंतरच होतं. त्यांच्या कपाळावरची शीर मला उडताना दिसत होती. मी त्यांच्या हातातला चमचा घेतला, त्यात गोळी ठेवली, वरून तेल ओतलं आणि त्यांच्यापुढे धरला. क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. हात सवयीने डोक्याकडे गेला.

मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले, गोळी खाली उतरेपर्यंत.