तोंडात माप असताना

कवळीवाल्याच्या बायकोनं चर्चच्या पाळकसाहेबांवर राग धरला, तो एका रविवारच्या उपदेशावरून. तसं त्यांनी वावगं काहीच सांगितलं नव्हतं. हवापाण्याच्या गप्पा पुरे झाल्या, ते म्हणाले; समोरच्याला मनापासून विचारा, थांबून त्याचं ऐका, आणि तुमच्या बोलण्यातून त्याला देवाच्या कृपेची थोडी तरी चव मिळू द्या. आता हे ऐकून बाकीची मंडळी घरी गेली आणि जेवून झोपली. तिच्या नवऱ्यानं मात्र ते मनावर घेतलं. त्यातही विचारण्याचं तेवढं घेतलं, ऐकण्याचं वाटेतच सांडलं, आणि कृपेची चव म्हणजे बायबलच्या वचनांचा मारा असा स्वतःचा अर्थ लावून मोकळा झाला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं भाजीवालीला गाठलं. "बाई, मनाला शांती आहे का?" बटाटे तोलता तोलता ती बिचारी थबकली. "कुठली शांती, भाऊ? पोरगा सहा महिने झाले फोन करत नाही..." एवढं बोलते न बोलते तोच याच्या तोंडाचा पट्टा सुटला. उधळ्या मुलाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून झाली, मागे गिऱ्हाइकं ताटकळली, आणि पोराचं काय झालं ते भाजीवालीच्या पोटातच राहिलं. तेव्हापासून हा दिसला की ती मान खाली घालून पिशव्या मोजायला लागते. आणि हा घरी येऊन सांगतो, "अगं, तिच्या मनावर परिणाम झालाय."

"झालाय ना," बायको म्हणाली. "मला आता भाजी घ्यायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागतं."

माणूस वाईट नव्हता, हे तीही मान्य करायची. हाताला कसब होतं. घराच्या पुढच्या खोलीत उंच पाठीची एक खुर्ची, भिंतीला नळ आणि बेसिन, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. वस्तीतली निम्मी म्हातारी माणसं त्यानं केलेल्या दातांनी जेवत होती आणि कुणाच्या हिरडीला कवळी कधी टोचली नव्हती. दातांचं माप घ्यायचं ते असं: गुलाबी पूड पाण्यात कालवायची, तो लगदा तबकडीत भरायचा, तबकडी माणसाच्या तोंडात टाळ्याशी दाबून धरायची आणि लगदा घट्ट होईपर्यंत थांबायचं. तोवर त्या माणसानं हलायचं नाही, बोलायचं नाही, नाकानं श्वास घेत समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. कालवायचं काम लग्न झाल्यापासून बायकोचं.

नेमकी हीच वेळ नवऱ्यानं मनातल्या खोल गोष्टी बोलायला निवडली.

"काका, मरणानंतर काय, याचा विचार केलाय का कधी?" असं तो विचारायचा, आणि तोंडभर लगदा घेतलेले काका नुसते डोळे फिरवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! वर हा म्हणणार, "बघ, किती शांतपणे ऐकतात माणसं. एकजण उठून जात नाही."

"जातील कुठे? तोंडात तुमची तबकडी!"

"तुला नाही कळायचं ते."

तिनं हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

हे सगळं तिनं हसण्यावारी नेलंही असतं. पण मग त्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ येऊन बसला.

भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक. लांबलेल्या आजारपणानंतर त्याची बायको गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्यानं उपासनेला येणं सोडलं, हळूहळू बहिणीकडे येणंही सोडलं. ती डबा घेऊन जायची. "कसा आहेस?" "बरा आहे." डबा ठेवायचा, रिकामा डबा उचलायचा आणि परत यायचं. त्याच्या आत काहीतरी अडकलंय हे तिला दिसत होतं, पण ते बाहेर कसं काढायचं हे कळत नव्हतं. आईवडिलांमागे तिला तेवढंच एक माणूस होतं, आणि तेही हातातून निसटत चाललं होतं. मग कामावर पाना निसटून त्याचे पुढचे दोन दात पडले. दुःखातही तिला बरं वाटलं. निदान दातांसाठी तरी तो घरी येईल.

आला. तबकडी तोंडात गेली, आणि दाजी सुरू झाले. ती आता चांगल्या ठिकाणी आहे. जे होतं ते भल्यासाठीच होतं. तू प्रार्थना सोडलीस, हेच तुझ्या दुःखाचं मूळ. उचलली जीभ लावली टाळ्याला! भावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पाझर फुटला बघ," रात्री जेवताना नवरा समाधानानं म्हणाला. तिनं मात्र भावाचा हात पाहिला होता, खुर्चीच्या दांड्यावर पांढरा पडलेला. तबकडी निघाल्यावर त्यानं चूळ भरली आणि एवढंच म्हणाला, "दात झाले की कळव, ताई. एकदा घेऊन जातो, मग त्रास देणार नाही."

दात झाले. डबीत घालून फळीवर ठेवलेले. ते बसले की भाऊ गेला, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि सकाळपासून नवरा खोलीत येरझारा घालत म्हणत होता, "आज त्याच्याशी अगदी खोलात जाऊन बोलणार आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता, वस्तीला दात पुरवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात उजवीकडे एक मोठी खिंड होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. करू सवडीनं, असं म्हणत वर्षं गेली होती. भाऊ दारात दिसला तशी तिनं वाटीत पूड ओतली आणि कालवायला घेतली.

"बस, बस," नवरा मेहुण्याला म्हणाला. "आज आपण दोघं जरा..."

"अहो, आधी तुमचं माप. कालवून झालंय."

"माझं? आत्ता?"

"घट्ट होतंय. पूड वाया जाईल. बसा."

पूड वाया जाणं त्याला सहन होत नसे. तो बसला, आणि "पण" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तिनं तबकडी आत सारली, टाळ्याशी दाबली, बोट लावून धरली. इतकी वर्षं बघत होती, हात चुकला नाही.

"अंऽ! अंऽऽ!"

"नाकानं श्वास घ्या." मग ती भावाकडे वळली. "बोल."

"काय बोलू?"

"त्या दिवशी जे गिळलंस ते. आज दाजींना उत्तर देता येत नाही."

भाऊ हसला. पडलेल्या दातांच्या जागेवर हात धरून, पण हसला. मग नळाच्या थेंबांकडे बघत बोलू लागला.

"सगळे म्हणतात, मी प्रार्थना सोडली," तो म्हणाला. "ताई, शेवटच्या आठवड्यात मी प्रार्थना केली होती. तिला बरं कर अशी नाही. आता तिला ने, अशी. मी थकलो होतो गं. रोजचं अंथरूण, रोजचं कण्हणं... मला झोप हवी होती. आणि त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. आता डोळे मिटले की वाटतं, मीच मागितलं. परत काही मागायची भीती वाटते."

नवऱ्याचा हात वर आला, तर्जनी ताठ. त्या तर्जनीमागून कोणती वचनं येतात ते तिला पाठ होतं. वाटीतल्या उरलेल्या लगद्यावर तिनं नख दाबलं. रबरासारखा घट्ट. आता धरून ठेवायला कारण उरलं नाही. तिनं बोट काढलं.

"झालंय," ती म्हणाली. वैतागून, हरून.

नवऱ्यानं हात तबकडीपाशी नेला. पण ओढली नाही. स्वतःचा अंगठा लावून ती वर दाबून धरली, आणि दुसऱ्या हातानं मेहुण्याला खूण केली: पुढे.

भाऊ बोलत राहिला. इस्पितळाचं, तिच्या चपलांचं, अजून उशीखाली असलेल्या तिच्या रुमालाचं. नवऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ सदऱ्यावर ओघळली, ती त्यानं पुसली नाही. डोळ्यांतलंही पुसलं नाही.

शेवटी तबकडी निघाली. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं. बहीणभाऊ दोघंही वचनाची वाट बघत बसले.

"इस्पितळातून घरी परतलास तेव्हा," त्यानं विचारलं, "एकटाच होतास?"

आणि गप्प बसला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं या माणसाला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेलं पाहिलं. तिला रडू आलं, आणि इतकी वर्षं का लावली म्हणून रागही आला.

भाऊ निघाला तेव्हा दुपार टळली होती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं दारात उभी होती.

"अगं, यावर एक फार सुंदर वचन..."

"पूड अजून शिल्लक आहे," ती म्हणाली.

तो मुकाट्यानं आत गेला, आणि लगेच डबी हातात घेऊन धावत बाहेर आला. "अगं, दात! दात इथेच राहिले त्याचे. हाक मार त्याला!"

तिनं डबी त्याच्या हातातून घेतली आणि परत फळीवर ठेवून दिली.