नऊ नंबरची बाई

मागच्या दिवाळीनंतर मी पाच दिवस घराबाहेर राहिले. लग्न, बाळंतपण, मयत यांतलं काहीच कारण नव्हतं. नुसती फिरायला गेले होते. कामरगावात नांदायला येऊन मला पस्तीस वर्षं झाली, पण असं जाण्याची ही पहिलीच वेळ. मुलगी अमरावतीला नोकरीला आहे. तिने माझ्या आणि तिच्या बाबांच्या नावाने एका सहलीत दोन जागा घेतल्या. लोणारची देवळं, दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी आणि शेवटी माथेरानची डोंगरातली लहान गाडी. सोबत सगळं समजावून सांगणारी बाई. यांनी ऐनवेळी हरभऱ्याची पेरणी पुढे केली. "मी गेलो तं वावर कोन पाहीन?" म्हणाले. मग त्यांच्या जागेवर माझी मोठी जाऊ आली.

जाऊ बोलकी आहे. मी नाही. चौथीपर्यंत शाळा शिकले, तेव्हाही हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज निघायचा नाही, बाजूची मुलगी म्हणायची. सासरी ते काम जाऊबाईंनी घेतलं. दुकानात, दवाखान्यात, बँकेत माझं बोलणं त्याच बोलत आल्या. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. सोयच वाटली.

अकोल्याला सकाळी सहलीच्या बसमध्ये बसलो तेव्हा माहिती सांगणाऱ्या बाई समोर उभ्या राहिल्या. पंचेचाळीशीच्या असतील. पिवळसर सुती साडी, पायात बूट. म्हणाल्या, "मी वीस वर्षं साड्यांच्या दुकानात काम केलं. दुकान बंद झालं. जुन्या देवळांचा नाद लहानपणापासून होता, म्हणून हे काम मागायला गेले. ही माझी पहिली सहल आहे. मालकांनी सांगितलंय, तक्रार आली नाही तर पुढच्या सहली तुमच्या. आली तर हीच शेवटची. तेव्हा मला सांभाळून घ्या."

सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं नाही. एवढ्या माणसांसमोर आपली गरज अशी उघड सांगणं मला जन्मात जमलं नसतं.

आम्ही एकतीस जण होतो. बाईंनी प्रत्येकाला नंबर दिला. गाडी हलायच्या आधी ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. जाऊबाई आठ, मी नऊ. पहिल्याच वेळी मी 'नऊ' म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मागून एक काका ओरडले, "नऊ कुठं गेले?" हे काका बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात मोठा कॅमेरा. माझे कान तापले. जाऊबाईंनी लगेच हात वर केला, "हाय जी हाय, इथंच हाय! आठ, नऊ!" त्यानंतर प्रत्येक वेळी त्याच 'आठ, नऊ' म्हणायच्या आणि दहा नंबरवाले पुढे सुरू करायचे.

वेरूळचं ते मोठं देऊळ मी पाहिलं आणि किती वेळ काही सुचलं नाही. बाई सांगत होत्या, हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, आधी कळस आणि मग पाया. काका फोटो काढत होते. जाऊबाई दगडी हत्तीला टेकून पाय दाबत होत्या. माझ्या मनात दुसरंच आलं. एवढा दगड कोरून काढला, तर तो चुरा वाहून कोणी नेला? टोपली भरून देणारे, डोक्यावर घेणारे हात किती लागले असतील? आम्ही विहीर खणली तेव्हा खणणारे दोन होते आणि मलबा वाहणाऱ्या आम्ही सहा बाया. विचारावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंच्या ते लक्षात आलं. "मावशी, काही विचारायचं होतं?"

"नाई," मी म्हणाले.

जाऊबाई म्हणाल्या, "तिले काई नसते विचाराचं. तुमी सांगा आपलं."

चौथ्या दिवशी नेरळला डोंगराच्या गाडीत बसलो. ती गाडी मला ओळखीची वाटली. तशीच अरुंद रुळाची, तशाच लहान डब्यांची. आमच्याकडे कारंज्यावरून अशीच गाडी जायची, शकुंतला म्हणायचो तिला. माझं माहेर तिच्या रुळाच्या कडेचं. आता ती बंद आहे, रुळांत गवत वाढलंय. लहानपणी मी आईबरोबर तिने बाजाराला जायची. गाडी हळू चाले, आणि मधे कुठे थांबली की बाया खुशाल खाली उतरत. पावसाळ्यात तरोट्याची भाजी खुडत, एरवी काड्या वेचत. गार्ड डोकं बाहेर काढून विचारायचा, "झालं का वं बायाहो?" शेवटची बाई चढली की मग शिटी. आम्हाला टाकून गाडी गेली, असं मी एकदाही पाहिलं नाही. गाडी माणसांसाठी थांबते हेच मला माहीत होतं. तिच्यानंतर मी आगगाडीत बसलेच नव्हते.

डोंगराच्या वळणांनी जाऊबाईंना मळमळायला लागलं. पदर तोंडावर घेऊन त्या डोळे मिटून बसल्या. "काई आंबट असन तं दे वं," म्हणाल्या. माझ्याजवळ काही नव्हतं. तेवढ्यात एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली. स्टेशनाच्या मागे आवळ्याचं झाड दिसलं, भरलेलं. मी "आली" म्हणून खाली उतरले. जाऊबाईंनी हुं केलं.

झाड दिसत होतं त्यापेक्षा लांब निघालं. मी खालची फांदी ओढून सात-आठ आवळे ओच्यात घेतले. शिटी ऐकली. घाई केली नाही. गार्ड पाहील, अशी खात्री होती. वळून आले तर शेवटचा डबा वळणाआड चालला होता.

मी ओरडले नाही. खरं सांगायचं तर ओरडता आलं नाही.

हिरवी झेंडी घेतलेला एक माणूस होता. त्याने विचारलं, "कुठून आलात? कोणाबरोबर?" मला सहलीचं नाव आठवेना. मोबाइल जाऊबाईंच्या पिशवीत. मी नुसती रुळाकडे बोट दाखवत होते. माणूस भला होता. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पुढच्या स्टेशनाला फोन लावला. "बसा, कोणीतरी येईल. इथून हलू नका."

तासाभराने वरून रुळाच्या कडेकडेने त्याच बाई चालत येताना दिसल्या. पिवळी साडी गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली. आता माझी शोभा होणार, म्हणून मी खाली पाहत बसले. त्या जवळ आल्या, बाकावर धपकन बसल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लागलं-बिगलं नाही ना?"

"नाई."

"उतरलात कशाला पण?"

मी ओचा उघडून दाखवला. त्यांनी आवळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर ते पाणी हसण्याचंच आहे की नाही, मला कळेना. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "इथून सुटायच्या आधी मोजणी पुरी झाली होती हो मावशी. मी स्वतः खिडक्यांपाशी उभी राहून एकतीस ऐकले."

तेव्हा मला सगळं समजलं. डोळे मिटलेल्या जाऊबाईंनी सवयीने 'आठ, नऊ' म्हटलं होतं. मी तेही बाईंना सांगितलं. त्यांनी बुटातली माती झटकली. म्हणाल्या, "काकांनी गाडीतूनच मालकांना फोन केलाय. बाई माणसं मोजत नाही म्हणून." आणि एवढंच बोलून उठल्या.

तिथून टॅक्सीने वर गेलो. टॅक्सी जिथे थांबते तिथून पुढे लाल मातीच्या वाटेने पायी. त्या वाटेवर मी बोलले. का ते माहीत नाही. शकुंतलेचं सांगितलं, तरोट्याचं सांगितलं, गार्डचं सांगितलं. बाई मधेच थांबून विचारायच्या, "खरंच थांबायची?" मी म्हणायची, "हाव. आमी चढल्याशिवाय जात नव्हती." मग वेरूळच्या मलब्याचंही विचारलं. बाई म्हणाल्या, "हे मी कुठं वाचलं नाही. मला माहीत नाही." मला माहीत नाही, असं एवढ्या शिकलेल्या बाई मला सरळ म्हणाल्या. कोणी माझ्या प्रश्नाला असं वजन दिलेलं मला आठवत नाही.

मुक्कामी पोचलो तर जाऊबाई दारातच. "मेली वं मी! कुठी गेलती तू? तुह्या नवऱ्याले मी काय तोंड दाखवलं असतं?" मग गळ्यात पडल्या. मग आवळा मागितला.

परतीच्या गाडीत बाईंना मालकांचा फोन आला. त्या पुढच्या सीटवर, आम्ही मागे. "हो सर. चूक माझी. मोजणीत राहिलं," एवढं ऐकू आलं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"जाऊबाई, आपन सांगाले पाह्यजे," मी म्हणाले.

"काय सांगतं? आठ नंबरवाली झोपीत बरळली, अन् नऊ नंबरवाली आवळे तोडाले गेलती? एकतीस लोकं हासतीन. घरच्याचं नाव काहून खराब करतं?"

"तिचं काम जाईन."

"तिनं डोये उघडून मोजावं."

त्या असं फटकन म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. घाबरल्या होत्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

अकोल्याला गाडी थांबली तेव्हा मालक स्वतः उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. लोक सामान घेऊन उतरत होते आणि काका त्यांना सांगत होते, "बाई बोलतात छान, पण माणसं हरवतात." आमच्या बाई बाजूला उभ्या होत्या, हातात सगळ्यांच्या नावांची यादी. मालक त्यांना म्हणाले, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" त्यांनी यादीची घडी घातली.

मी पिशवी खाली ठेवली. मालकांसमोर जाऊन उभी राहिले आणि माझा आवाज निघाला. फार मोठा नाही, पण निघाला.

"मोजनी झालती, साहेब. म्या माहा नंबर कधी म्हनलाच नाई. पयल्या दिवसापासून."

"म्हणजे?"

"मले लोकाइत बोलता येत नाई. माहा नंबर दुसऱ्याच्या तोंडून जात होता. मी खाली उतरली तरी तो गेला."

"पण उतरलात कशाला?"

"आवळे तोडाले."

आजूबाजूचे हसले. मालकांच्याही ओठांवर हसू आलं. "गाडी सुटेल असं वाटलं नाही?"

"आमच्या इकडली शकुंतला सुटत नव्हती, साहेब. मले तेच मालूम होतं. या बाईचं काई चुकलं नाई. तिनं रुळारुळानं चालत येऊन मले नेलं."

तेवढ्यात मागून जाऊबाई पुढे आल्या. पदर खोचलेला. "नंबर म्या म्हनला. कायले लपवू? डोये झाकून म्हनला. रागवाचं असन तं मले रागवा."

काकांनी कॅमेऱ्याची पट्टी नीट केली. ते मूळचे मूर्तिजापूरचे, शकुंतलेच्या रुळावरचेच निघाले. म्हणाले, "त्या गाडीतून मीही बोरं तोडायला उतरलोय." आणि मालकांना हळूच, "माझा फोन जरा घाईचा झाला."

मालकांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाले, "पुढच्या महिन्यात लोणारची गाडी आहे. यादी उद्या घेऊन जा." आणि जाता जाता म्हणाले, "मोजताना माणसाचं तोंड पाहत जा."

बाई माझ्याकडे आल्या आणि पायाला हात लावायला वाकल्या. मी त्यांचे हात वरच्या वर धरले. माझ्या मनात पुष्कळ होतं. माझ्यासाठी आजवर कोणी तासभर पायी चालत आलं नव्हतं. मला हसतमुखाने नेलं होतं, माझ्यावर दोष ठेवला नव्हता, माझ्या प्रश्नाला प्रश्न मानलं होतं. यातलं काही सांगायला जमलं नाही. कामरगावकडची एस.टी. लागली होती, जाऊबाई हाका मारत होत्या. सकाळपासून बाईंच्या पोटात काही गेलं नव्हतं, तेवढंच माझ्या ध्यानात होतं.

"आता जेवून घ्या बरं," मी म्हणाले.

"घेते मावशी," त्या म्हणाल्या.