बोटीच्या काठावरची खाच

खाचवाल्यांबद्दल चार शब्द लिहून द्या, असं मच्छीमार सोसायटीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी त्यांना असा किती ओळखत होतो? धक्क्यावर माझा बर्फाचा कारखाना, आणि बोट काढण्याआधी ते बर्फ न्यायला यायचे, एवढंच. त्यांच्या घरी मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते वारले होते. लिहायचीही मला सवय नाही. काही चुकलं असेल तर जवळच्यांनी सांभाळून घ्यावं.

त्यांच्या बोटीच्या काठावर एक खिळा होता आणि खिळ्यापासून दीड वितीवर पटाशीने कोरलेली खाच. जाळं वर आलं की माशाचं तोंड खिळ्याला लावायचं. शेपटी खाचेपर्यंत पोचली नाही तर मासा परत पाण्यात. सगळेच मासे मापायचे नाहीत, शंका येईल तोच. म्हणून ते खाचवाले. धक्क्यावर थट्टा चालायची. "हे मासे धरायला जातात की शाळेत घालायला?" खाचवाले त्यावर हसायचे. त्यांना राग येतो की नाही, मला कधी कळलं नाही.

मग मासा कमी होत गेला आणि थट्टाही. डिझेलचाही खर्च निघेना. सोसायटीच्या सभेत एरवी ते मागच्या बाकावर बसत. त्या दिवशी उभे राहिले.

"खाडीच्या तोंडाशी मासा अंडी घालायला येतो. दोन हंगाम तिथे कुणी जाळं टाकू नका. घरात बाळंतीण असली की आपण दाराशी ढोल बडवतो का?"

"आणि पोटाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"काढू कसेबसे. मासा वाढेल, आणि मोठ्या माशाला भावही मोठा. माझा शब्द."

लोकांनी तो शब्द मानला. पुढचे काही दिवस ते पटाशी घेऊन बोटीबोटीवर फिरले आणि प्रत्येकीच्या काठावर खाच पाडून आले.

ते दोन हंगाम कठीण गेले. कारखान्यात माझाच बर्फ मला पुरून उरायचा. त्याच सुमारास पलीकडच्या खाडीत एका कंपनीने जाळ्यांचे पिंजरे सोडले आणि त्यांत मासे वाढवायला सुरुवात केली. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. कोंडलेल्या माशाला कसली आलीय चव, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो.

आणि मासा खरंच परत आला. बंदी उठली त्या सकाळी धक्क्यावर जे मासे उतरले, तसे मी तरुणपणी पाहिले होते. खाच कुठल्या कुठे मागे राहिली होती. खाचवाले एकेका टोपलीपाशी जाऊन नुसता हात लावत होते. लिलाव सुरू झाला आणि बोली चढेचना.

हॉटेलांना मासा पुरवणारा व्यापारी खाचवाल्यांच्या जुन्या ओळखीचा. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, माल झकास आहे, खोटं कशाला बोलू? पण आता मला एका ताटाला एक मासा लागतो. हा कापला तर शेपटी ज्याच्या वाट्याला येईल त्याला काय सांगू? बरं, उद्या किती येईल ते सांगता?"

"ते समुद्राला विचारायला हवं."

"पिंजरेवाले सांगतात हो. आणि तेवढाच आणून देतात, वादळ असो की काही असो."

खाचवाल्यांची सून बाजारात मासे विकायची. तोंडाने फटकळ, पण सासऱ्यांवर जीव. दुपारी अर्ध्याहून जास्त टोपली परत आणून तिने माझ्या दारात ठेवली आणि बर्फ मागितला. खाचवाले तिथेच होते.

"बाबा, गिऱ्हाईक ताटात मावेल असा मासा मागतं. तुमचा हा पाळण्यात घालून झोपवायचा!"

ते हसले. मग म्हणाले, "मासा थांबला गं. गिऱ्हाईक थांबेल की नाही, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं."

पुढच्या हंगामात कंपनीची माणसं धक्क्यावर आली. पिंजऱ्यातल्या माशांच्या खाद्यासाठी त्यांना बारीक मासळी हवी होती. पिल्लं, चुरा, काहीही, सरसकट वजनावर. मोठ्याला भाव नाही आणि पिल्लांना रोख गिऱ्हाईक. लोक तरी काय करणार? खाडीच्या तोंडाशी पुन्हा जाळी पडली. एकाने खाचेत लांबीचा लगदा भरून वरून रंग फासला. मग दुसऱ्याने. खाचवाल्यांना तोंडावर कुणी बोललं नाही, पण सभेत ते आले की बोलणं बंद व्हायचं. त्यांच्या शब्दावर दोन हंगाम गेले होते ना.

त्यांनी खाच बुजवली नाही. पिल्लंही धरली नाहीत. वर्षभर ओढून नेलं आणि मग बोट विकली, ती कंपनीलाच. दुसरं कोण घेणार? पिंजऱ्यांपर्यंत खाद्याची पोती न्यायला त्यांना बोट हवी होती आणि बोट चालवायला माणूस. तो माणूस म्हणजे हेच.

एकदा मी भीत भीत विचारलं, "कसं काय चाललंय तिकडे?"

ते म्हणाले, "परवा त्यांचा एक मासा खिळ्याला लावून बघितला. बरोब्बर खाचेएवढा. दुसरा लावला, तोही तेवढाच. तेवढे झाले की काढतात म्हणे, ताटासाठी." मग म्हणाले, "मी खाच पाडली ती तिच्यापुढे वाढलेला मासा धरावा म्हणून."

 

शेवटची भेट कारखान्याच्या दारात झाली. त्यांच्या हातात माझा बर्फाचा जुना खोका होता.

"हा तुमचा. बरेच दिवस माझ्याकडेच राहिला."

"असू दे की. लागेल."

"पोत्यांना कसला बर्फ? बुडाला जरा चिरलाय, बघून घ्या."

"चालतंय हो."

"बरं, येतो."

"या."