मशीनला न पटलेली बोटं

तुमच्याकडे, तिकडे परदेशात, सध्या सगळ्यांना ओळखपत्र द्यावं की नाही यावर वाद चाललाय, आणि आजी कोणत्या बाजूची, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे हा वाद झाला तेव्हा मी विरोधात होते. इथल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या मराठी मंडळात रविवारी बैठक होती. मी मुद्दे लिहून नेले होते: माझ्या बोटांचे ठसे सरकारला कशाला, ते जपणार कोण, चूक झाली तर दाद कुठे मागायची. तुमचे आजोबा म्हणाले, "प्लांटच्या गेटवर जन्मभर पास दाखवला, तेव्हा नाही कुणाची अब्रू गेली!" सगळे हसले.

मग आमच्या मागच्या क्वार्टरमधले भाऊजी उठले. प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, निवृत्त झालेले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून मजुरीला आले होते. "वहिनी, तुमच्यापाशी डिग्री हाय, पासपोर्ट हाय. माह्या बापाचं नाव कोन्याच कागदावर नव्हतं. ठेकेदार जे हाक मारे, तेच नाव. आमाले कार्ड पायजे." मी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

कार्डं आली. काही वर्षांनी पेन्शनीसाठी हयातीचा दाखला त्या कार्डासाठी घेतलेल्या बोटांच्या ठशांवर होऊ लागला. भाऊजींचं घर त्या पेन्शनीवरच चालायचं. दाखल्याला जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर ते नळापाशी बसून लाकडाचा भुसा आणि साबण लावून हात घासत होते. शिफ्ट सुटल्यावर काजळी काढायची ही प्लांटमधली रीत. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, ते हात असेच धूत.

"अजी, कातडं काढता का आता?" त्यांची बायको म्हणाली.

"मशीनले साफ बोट लागते."

मलाही शाळेच्या पेन्शनीचा दाखला द्यायचा होता. आम्ही तिघं एका ऑटोने पावर हाउस भागातल्या बँकेत गेलो. मशीनने माझं बोट लगेच घेतलं. भाऊजींचं घेईना. दहाही बोटं लावून झाली. भट्टीच्या कामाने रेषा झिजलेल्याच होत्या, उरल्यासुरल्या त्यांनी सकाळी घासून काढल्या होत्या.

"अंकल, मशीन नहीं मान रही. अगले महीने आइए," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"बेटी, तब तक मैं जिंदा हूँ कि नहीं?"

रांग हसली. त्यांची बायको हसली नाही. दाखला नाही तर पुढची पेन्शन नाही, हे तिला ठाऊक होतं. 'मी म्हटलं नव्हतं का' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्याकडे पाहून ते गिळलं आणि भिंतीवरचं इंग्रजी परिपत्रक वाचायला लागले. अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: मशीन घेत नसेल, तर माणसाला समोर पाहून अधिकाऱ्याने फॉर्मवर सही करावी. मी भाऊजींना ते सांगितलं. आवाज न चढवता ते मॅनेजरपाशी गेले, आणि दहा मिनिटांत सही झाली.

आम्ही निघालो, पण भाऊजी निघेनात. त्यांच्या मागे जामुल गावची एक म्हातारी होती. तिचीही बोटं मशीन घेत नव्हतं आणि तिलाही पुढच्या महिन्याचं सांगितलं होतं. ते तिला घेऊन पुन्हा मॅनेजरच्या टेबलापाशी गेले. "साहब, इनको भी देख लीजिए. आँख के सामने खड़ी हैं."

तिची सही होईपर्यंत ते खुर्चीवर बसले नाहीत. मग मला म्हणाले, "वहिनी, थे इंग्रजी कोन वाचते? मोठ्या अक्षरात हिंदीत लिहून द्या."

मी लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने चिकटपट्टी दिली आणि भाऊजींनी तो कागद मशीनच्या बरोबर वर लावला. विरोध मी केला होता, पण तो नियम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणला तो कार्ड मागणाऱ्या माणसाने.

"झालं ना आता?" त्यांची बायको बँकेच्या दारातून ओरडली. "जित्ते आहा म्हणून सही भेटली, तं जेवाले घरी चला!"