बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी

लीलाताई सामंत आधी रागवत आणि मग नाव विचारत. आमची पहिली भेट अशीच झाली. नव्वदचा जानेवारी. इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागून मी अहमदीच्या जुन्या स्टाफ क्वार्टर्समध्ये नुकतीच राहायला आले होते. कुवेतला थंडी पडते हे नाशिकला माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. मी दारं-खिडक्या लावून, विजेचा हीटर पायाशी ओढून, त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालून चहा पीत बसले होते. शेजारच्या घरातून एक ठेंगणी बाई मीठ मागायला आली. तिने आधी हीटरचं बटण बंद केलं, टॉवेल माझ्या मांडीवर टाकला आणि खिडकी उघडली. "जळून मरायचंय की घुसमटून, एक काय ते ठरव," म्हणाली. मग मीठ घेतलं आणि दारातून वळून विचारलं, "नाव काय तुझं?"

त्या आमच्या इस्पितळात प्रसूती विभागाच्या सिस्टर. कुडाळजवळच्या एका गावच्या. एरवी आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण खरा राग आला की मालवणी सुरू होई, आणि मग मोठमोठे डॉक्टर अर्थ न कळता बाजूला होत. इस्पितळाच्या मुदीरला, म्हणजे संचालकालाच, त्यांनी एकदा वॉर्डात बूट घालून आल्याबद्दल बाहेर उभं केलं होतं. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "चूक असती तर मागितली असती," एवढंच म्हणत.

ऊब या विषयावर त्यांची मतं फार पक्की होती. विजेचा हीटर घसा सुकवतो, रॉकेलचा हीटर डोकं चढवतो, पण या दोघांशी त्या फक्त भांडत. कोळशाशी त्यांचं वैर होतं. हिवाळ्यात तिथले लोक वाळवंटात तंबू ठोकतात आणि आत फहम, म्हणजे लाकडी कोळसा, पेटवून बसतात. आपली एकटी राहणारी कामगार पोरंही थंडीत तेच करत. खोलीची फट अन् फट चिंध्यांनी बुजवायची आणि मधोमध निखारे. दर हिवाळ्यात अशी एखादी खोली सकाळी उघडतच नसे. "बघणाऱ्याला कळत नाही गं," लीलाताई सांगत. "गाल लाल झालेले असतात. वाटतं, शेक चांगला लागला, छान झोपलीत पोरं." आणि मग दात आवळून, "निखारो चोर आसा. आवाज करणा नाय, नि माणूस घेवन जाता."

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य घुसलं आणि आमच्या लोकांची पळापळ सुरू झाली. वाळवंटातून जॉर्डनपर्यंत बसचा रस्ता आणि तिथून विमान. आमच्याच ओळीत प्रकाश नावाचा एक ड्राफ्ट्समन राहत होता. त्याची बायको सुनंदा, आणि जुलैमध्ये चार दिवस राहायला म्हणून साताऱ्याहून आलेली त्याची आई कुसुमकाकू. सुनंदाला दिवस गेले होते आणि मधूनमधून रक्त जात होतं. याआधी तिची दोन राहिली नव्हती. लीलाताईंनी सांगितलं, "या बसच्या धक्क्यांत हेही राहणार नाही. जायचं नाही." ते थांबले. लीलाताईही थांबल्या. मी कारण विचारलं तर माझ्यावरच खेकसल्या, "बायका बाळंत व्हायच्या थांबल्यात का? थांबल्या की मला सांग, मी पण जाते." खरं कारण सुनंदा होती. आपण जिला थांबवलं तिला सोडून जाणं त्यांना जमलं नसतं. मी त्यांच्या भरवशावर थांबले. शेजारच्या क्वार्टर्स रिकाम्या होत गेल्या आणि संध्याकाळी आमच्या ओळीत तीनच घरांतून भांड्यांचा आवाज येई.

फेब्रुवारी संपता संपता वीज गेली, पाणी गेलं, आणि जाता जाता त्या लोकांनी तेलाच्या विहिरी पेटवल्या. कुवेत सुटलं म्हणून जगभर पेढे वाटले असतील, अहमदीत आम्हाला दुपारी बाराला कंदील लागत होता. धुराने सूर्य झाकला आणि संपत आलेली थंडी पुन्हा पडली. अंगणातल्या दोरीवर कपडा टाकला तर काळा होऊन परत येई. मला त्या दिवसांचा आजही संताप येतो. साऱ्या जगाच्या चुली पेटतील एवढं तेल डोळ्यांसमोर जळत होतं आणि एका बाळंतिणीला ऊब द्यायला आमच्याकडे बाटलीभर रॉकेल नव्हतं.

कारण सुनंदा त्याच आठवड्यात बाळंत झाली. कंदिलाच्या उजेडात, लीलाताईंच्या हातावर. मुलगा. दिवसांत जरा कमी, पण रडणं खणखणीत. वॉर्डात पाणीच नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांना घरी आणलं. युद्धात विषारी वायूचा हल्ला होईल या भीतीने सगळ्यांनीच खिडक्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या होत्या, त्या धुरामुळे तशाच राहिल्या होत्या. कुसुमकाकूंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, "आता शेक-शेगडीचं बघायला हवं."

बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवायचे, वर ओव्याची धुरी द्यायची, मायलेकरांना शेकून काढायचं, हे आपल्याकडे कोणत्या घरात झालं नाही? काकूंचं काही जगावेगळं नव्हतं. लीलाताई म्हणाल्या, "खोलीत निखारा येणार नाही." काकू म्हणाल्या, "माझी पाच बाळंतपणं शेगडीवर झाली. पाचही जगलीत."

"तुमच्या घराला कौलं होती, काकू. कौलांतून चांदणं दिसत होतं की नाही? मग निखाऱ्याचा वायू पण तिथूनच जात होता. हे काँक्रीट आहे, आणि त्याला तुम्ही चिकटपट्ट्या मारल्यात."

"शिकलेल्या बायकांना सगळ्यातच वायू दिसतो," काकू म्हणाल्या.

लीलाताई तशाच इस्पितळाच्या सुतारखात्यात गेल्या आणि लाकडाच्या भुशाची दोन पोती प्रकाशच्या डोक्यावर देऊन आल्या. तुपाचा मोठा डबा घेतला, खाली बाजूला भोक पाडलं, मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा वरवंट्याने ठासून भरला, आणि बाटली अलगद उपसून घेतली. झाली भुशाची शेगडी. मागच्या अंगणात ती तासन् तास धुमसत राही. तिच्यावर विटा तापवायच्या, फडक्यांत गुंडाळायच्या आणि आत नेऊन सुनंदाच्या पायाशी, बाळाच्या दुपट्याबाहेर ठेवायच्या. "बाईला ऊब पाहिजे, विस्तव नको," त्या म्हणत. खिडकीच्या एका कोपऱ्याची पट्टी त्यांनी सोडवली होती. काकू ती लावत. लीलाताई येऊन पुन्हा सोडवत. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, नुसतं ते प्लास्टिक बोलत होतं.

विटा निवायच्या. सारख्या बदलाव्या लागायच्या आणि काकूंचे गुडघे दुखत. बारसं दोन दिवसांवर आलं होतं. त्या दुपारी प्रकाश पाण्याच्या रांगेत होता, मी आणि लीलाताई इस्पितळात. परतताना लीलाताईंना अंगणात भुशाची शेगडी विझलेली दिसली, आणि त्यांनी पिशवी तिथेच टाकली.

खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलेलं, खाली पंचा गुंडाळून बसवलेला. रिकाम्या क्वार्टरमधून काकूंनी फहमची पिशवी आणि एक लोखंडी शेगडी शोधून आणली होती. निखारे खाटेखाली फुलले होते. त्या स्वतः स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळायला बसल्या होत्या, डिंक नव्हताच, नुसत्या खजुराचे. आमची चाहूल लागताच बोटाने शांत राहायची खूण करत आल्या. चेहऱ्यावर पाचही लेकरं जगवलेल्या बाईचं समाधान होतं. "आत्ता कुठे डोळा लागलाय दोघांचा. बाळाचे गाल बघा शेकाने कसे लाल झालेत."

लीलाताईंनी वरवंटा उचलला आणि काच फोडली. एक नाही, खिडकीच्या सगळ्या. मी शेगडी ओढून अंगणात नेली. सुनंदाला आम्ही ओढतच बाहेर आणलं, ती ओकली आणि कण्हली. बाळ लीलाताईंच्या हातात होतं. श्वास होता, अगदी बारीक. अंगणात मांडी घालून त्या त्याच्या तोंडात फुंकर घालत राहिल्या, वरून काजळी पडत होती आणि थंड वारा सुटला होता. काकू मागून पदर ओढत ओरडत होत्या, "अहो त्याला आत न्या, गारठेल तो, उघडा आहे." अंधार पडायच्या आत बाळ गेलं.

काकूंच्या डोळ्यांनी पाहिलं तर आत ते उबेत झोपलं होतं आणि बाहेर नेल्यावर मेलं. त्यांनी तेच धरलं. त्या बाईने काचा फोडल्या, माझ्या नातवाला उघड्यावर नेलं, गारठवून मारलं. येईल त्याला सांगितलं. उरलेसुरले मराठी लोक लीलाताईंना बघून दुसरीकडे बघू लागले. आणि ही बाई, जिने मुदीरला दारात उभं केलं, ती गप्प.

मी पेटले. म्हटलं, मी सांगते सगळ्यांना काय झालं ते. लीलाताईंनी माझं मनगट धरलं. "कोणाक सांगशीत तर माझ्याशी बोलू नको. म्हातारेक ह्यां कळला तर ती जगतली काय? आपल्या हातान नातू मारलो म्हणान? माका शिव्यो खावची सवय आसा." मी म्हटलं, हे खोटं आहे, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या खाटेखाली निखारे जातील. तेवढं त्यांना पटलं. त्या सुनंदाकडे गेल्या आणि तिला एकटीला खरं सांगितलं. पुढच्या खेपेला खोलीत निखारा येऊ द्यायचा नाही. सासूला कारण सांगायचं नाही.

युद्धात मेलेल्यांत त्या बाळाची गणती नाही. त्याला नावसुद्धा नव्हतं. तेल पेटवणाऱ्यांचं काही बिघडलं नाही आणि कुडाळची एक सिस्टर खुनी ठरली. काकू आता नाहीत, लीलाताई परवा गेल्या, म्हणून एवढ्या वर्षांनी मी हे लिहिते आहे. त्यांची परवानगी मला मिळाली नसती.

मे महिन्यात लीलाताई नोकरी सोडून गावी निघाल्या. गाडी दारात आली तेव्हा काकू बाहेर आल्या. मागे सुनंदा, खाली बघत. काकू साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नातू खाल्लास माझा. तुला मेल्यावर जागा मिळायची नाही." मी पुढे सरले. लीलाताईंनी मला हाताने मागे केलं, वाकून त्या म्हातारीच्या पायांना हात लावला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, काकू. थंडी फार होती."

सुनंदा काही बोलली नाही. गाडी वळली. त्या तिघींचाही मला तेव्हा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.